तुलेबी येते का?

मुलगी पावणेतीन महिन्यांची होती. अकोल्याहून, म्हणजे माहेराहून, मला शेलूबाजारला परत येऊन आठवडा झाला होता. त्या सकाळी विहिरीवरून भरलेला गुंड, पाण्याची घागर, कमरेवर घेऊन मी उठले आणि मला पहिल्यांदा ते जाणवलं. आत, अगदी खाली, काहीतरी उतरल्यासारखं. दुखलं नाही. दुखलं असतं तर बरं झालं असतं, दुखण्याला निदान नाव असतं, ते कुणाला सांगता येतं. हे नुसतं जड होतं. दोरीवरचा ओला कपडा आपल्याच वजनानं हळूहळू घसरावा तसं.

मी गुंड खाली ठेवला. परत उचलला. परत तेच.

शेजारची भागिरथाबाई मागे उभी होती. "काय झालं वं मास्तरीनबाई? तू गुंड उचलून राह्यली का गुंड तुले उचलून राह्यला?"

सगळ्या हसल्या. मीही हसले. घरी येईपर्यंत मात्र मी एकेक पाऊल असं टाकत होते, जसं काही पायांच्या मध्ये काचेचं भांडं धरलं आहे.

त्या दिवसापासून माझं लक्ष दुसऱ्या कशातच लागेना. मुलीला पाजताना, भाकरी थापताना, ह्यांचे कपडे धुताना, एक कान सतत आत लावलेला. खोकले की भीती. शिंकले की भीती. मी बी. ए. झालेली बाई, पण शरीराच्या त्या भागाविषयी मला जे माहीत होतं ते कॉलेजात जाण्याआधी जेवढं होतं तेवढंच. शाळेच्या पुस्तकात फुलाचे भाग होते, बेडकाचे होते, बाईचे नव्हते.

आणि पोट. आमच्या घरात आरसा एकच, ह्यांच्या दाढीचा, पंजाएवढा. त्यात मी स्वतःला तुकड्यातुकड्यांनी पाहायची. न्हाणीत तो खाली धरला की बेंबीभोवतीची सैल कातडी दिसे, पीठ काढून घेतलेल्या पिशवीसारखी, वर जांभळ्या रेघा. वर्षभरापूर्वी माझ्या ह्याच कमरेला चुलतबहिणी दोन हातांच्या वेढ्यात धरून मोजायच्या. मी आरसा पटकन भिंतीला परत लावून टाकायची.

चूक माझीच होती, ह्याची मला खात्री होती. बाळंतपणानंतर आईनं जुन्या लुगड्याची पट्टी करून माझं पोट बांधलं होतं. चाळीस दिवस सोडायची नाही, असं बजावलंही होतं. श्रावणातला उकाडा, घामानं कातडी सोललेली. मी नवव्या दिवशी पट्टी काढून गादीखाली सारली. आईला वाटत राहिलं की आहे. आता त्याचंच हे फळ, असं मी रोज स्वतःला सांगत होते.

ह्यांना सांगणं शक्य नव्हतं. हे, म्हणजे इंद्रभान, हायस्कूलात गणित शिकवायचे, माणूस मवाळ होता, पण असल्या गोष्टी नवऱ्याशी कुठल्या शब्दांत बोलायच्या? मला शब्दच नव्हते. आणि सासूबाईंना सांगायचं तर त्याहून कठीण.

सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायची. पंचफुलाबाई त्यांचं नाव. मुलगा मास्तर झाला तरी त्या कापूस वेचायला जात. "बसून खाल्लं तं अंग भारी होते," म्हणत. पंचेचाळिशीच्या असतील. शेलाट्या, काळ्याभोर, ताठ. त्यांची चाल सगळ्या वस्तीत नावाजलेली होती. छोटी छोटी पावलं, गुडघे जवळजवळ, डोक्यावर काहीही असो, कंबर हलायची नाही. बायका म्हणत, "पंचफुला अजूनही नव्या नवरीवानी चालते." मी खिडकीतून त्यांना वावराकडे जाताना पाहायची आणि मला हेवा वाटायचा. बाळंतपण होऊन इतकी वर्षं झाली, रोज राबते ही बाई, आणि शरीर बघा कसं ताब्यात! मी घरात एकटी असताना तशी चालूनही पाहिली होती.

शेवटी मला वही आठवली. अमरावतीला वसतिगृहात असताना एक बाई पहाटे आम्हा मुलींना आसनं शिकवायच्या. मी ती वहीत उतरवून ठेवली होती, काडीची माणसं काढून, बाजूला बाणांनी श्वास आत, श्वास बाहेर. लग्नाच्या पेटीत तळाशी ती वही निघाली. मी ठरवलं, जे सैल झालंय ते आपणच घट्ट करू. कुणाला सांगायला नको, कुणाला दाखवायला नको.

दुपारी हे शाळेत, आत्याबाई वावरात. मुलगी झोपली की मी दाराला कडी लावायची, ह्यांचा पायजमा चढवायची, घोंगडी अंथरायची. नौकासन, म्हणजे पाठीवर झोपून डोकं आणि पाय दोन्ही वर उचलायचे, पोट थरथरेपर्यंत. मग पाय भिंतीला लावून कंबर वर. पण भिंत कोणती? समोरच्या भिंतीवर बुद्धाचा आणि बाबासाहेबांचा फोटो, तिकडे पाय करणं शक्यच नव्हतं. उजवीकडे कोठी. मागे दार. राहिली ती खिडकीची भिंत. तिथेच मी पाय वर करून पडायची, आणि खिडकीच्या गजांच्या वर माझे तळवे जायचे.

चौथ्या दिवशी खिडकीतून आवाज आला.

"अवं माय! मास्तरीन उलटी झाली वं!"

भागिरथाबाई. मी धडपडून उठले. तोंड लाल, अंगात नवऱ्याचा पायजमा, केस सुटलेले.

"काय करून राह्यली वं? अन् हे काय घातलं? मास्तर काय नेसून गेला मंग शाळेत?"

"व्यायाम आहे, भागिरथाबाई. आसन म्हणतात."

"आसन!" तिनं गजांना धरून आत डोकावलं, घोंगडी पाहिली, भिंतीवर उमटलेले टाचांचे डाग पाहिले. मग आवाज उतरवून म्हणाली, "समजलं, समजलं. पह्यली पोरगी झाली न. पोरासाठी करून राह्यली."

"नाही हो, तसं काही नसतं!"

"नाई कसं? पाय वर केले का थांबते ते आतमधी. आमच्या सुनेले शिकव बापा. दोन पोरी झाल्या तिले. मी कोनाले सांगत नाई."

तिनं कुणाला सांगितलं नाही म्हणजे फक्त विहिरीवर, गिरणीत आणि कापसाच्या वावरात सांगितलं. दोन दिवसांनी एक अनोळखी बाई कडेवर मूल घेऊन दारात आली आणि पदराशी चाळा करत विचारू लागली, पाय डाव्या भिंतीले लावाव लागते का उजव्या? मी तिला परोपरीनं सांगितलं की ह्यानं मुलगा होत नाही. तिनं सगळं ऐकून घेतलं. जाताना म्हणाली, "सांगाचं नसन तं नका सांगू बाई." तिचा चेहरा मला नंतर कितीतरी दिवस आठवत राहिला.

अर्थातच ते आत्याबाईंच्या कानावर गेलं. मला जाणवलं, त्या माझ्याकडे बघताहेत. मी वाकले की, उठले की, मुलीला पाळण्यातून घेतलं की. त्यांची ती नजर माझ्या चेहऱ्यावर नसायची, कमरेखाली असायची. मला वाटलं, नातवाची घाई झाली असेल. किंवा पायजम्याचा राग.

त्यातच माझं जडपण वाढलं होतं. दहा-बारा दिवस मी नौकासन करत होते आणि संध्याकाळपर्यंत असं वाटायचं की आता काहीतरी हातातच येईल. मी जास्त जोर लावू लागले. कमी पडतंय म्हणून होत असेल.

आठवडी बाजाराच्या दिवशी वेचणी बंद असते. बाजारातून येऊन आत्याबाई उंबऱ्यात डाळ निवडत बसल्या होत्या. मुलगी झोपली तशी त्या म्हणाल्या, "कर न तुहं."

"काय?"

"रोज करतं ते. आज मी हाय म्हनून राहू देऊ नको. पाहू दे मले."

मला वाटलं परीक्षा आहे. पायजमा काही घातला नाही, लुगडंच कासोट्यासारखं खोचून मी पाठीवर पडले, डोकं उचललं, पाय उचलले. पोट थरथरायला लागलं. आत्याबाईंचे हात डाळीत थांबले.

"जोर पडते?"

"पडायलाच पाहिजे. त्यानंच पोट आत जातं."

"अन् ते भिंतीचं?"

मी भिंतीचं करून दाखवलं. त्यांनी डाळीचं सूप बाजूला सारलं. मग म्हणाल्या, "भागिरथा म्हनते पोरासाठी करते."

"तिला काय कळतं."

"मंग कायसाठी?"

"पोट कमी व्हावं म्हणून."

"पोटासाठी पाय वर कायले कराव लागते वं?"

पाय तसेच भिंतीला, तोंड छताकडे. आत्याबाई उठल्या. त्यांनी दार लावलं, कडी घातली, खिडकीच्या गजांवर टॉवेल टाकला, आणि माझ्या डोक्याशी येऊन उकिडव्या नाही, एका कुशीवर हळूच टेकल्या.

"तुलेबी येते का?"

मला समजलं होतं तरी मी विचारलं, "काय?"

"अंग. खाली."

माझ्या डोळ्यांतून पाणी कानांकडे वाहायला लागलं. पाय वर असल्यामुळे ते सरळ कानातच गेलं. मी फक्त मान हलवली.

"बाहीर येते का आतच हाय?"

"आतच. पण जड वाटतं. उचललं की."

"कधीपासून?"

"आल्यावर आठवड्यानं."

"अन् सांगतलं नाई," असं म्हणून त्यांनी एक मोठा श्वास सोडला. "सांगशीन तं कोनाले म्हना. मी कोनाले सांगतलं?"

तेव्हा कुठे तो 'बी' माझ्या डोक्यात शिरला. तुले*बी*.

मी पाय खाली घेतले आणि उठून बसले. आत्याबाई डाळीच्या सुपाकडे पाहत बोलत होत्या, जसं काही दुसऱ्याच कुणाबद्दल. इंद्रभान झाला तेव्हा त्या एकोणीस वर्षांच्या होत्या. बाराव्या दिवशी कडब्याच्या पेंढ्या उचलायला गेल्या, कारण माणूस कमी होतं आणि ढग आले होते. तिसरी पेंढी डोक्यावर घेतली आणि आत काहीतरी सुटलं. पुढच्या वर्षी ते अंग, म्हणजे गर्भाची पिशवी, बाहेर यायला लागलं. सुईण म्हणाली, खाटेच्या पायथ्याखाली विटा लाव.

मी त्यांच्या खाटेकडे पाहिलं. पायथ्याखाली दोन-दोन विटा. लग्न होऊन आल्यापासून मी त्या पाहत होते, खाटेवरची चादरही मीच झटकायची. विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, रात्री पायाला मुंग्या येतात.

"अन् दिवसा?"

"दिवसा कपडा." त्यांनी मूठ वळून दाखवली. "धुवाचा, वाळवाचा, पुन्हा ठेवाचा. लोकाइच्या नजरीआड वाळवाव लागते, तेच लय झंझट हाय. बाकी सवय होते."

कापूस वेचताना बायका कमरेला कापडाची वटी बांधतात, वेचलेला कापूस त्यात टाकत जातात, ती भरत भरत पोटाशी लोंबते. आत्याबाई एकट्याच ती वटी छातीखाली उंच बांधत. बायका थट्टा करत, पंचफुलाले वरतून लेकरू होनार हाय. कमरेला बांधली की वजन खाली येतं, म्हणून. आणि ती चाल. छोटी पावलं, गुडघे जवळ, कंबर न हलवता. ती चाल म्हणजे पडू पाहणारी वस्तू सांभाळत चालणं होतं. मी खिडकीतून ज्याचा हेवा करत होते ते हे होतं. आणि त्या विहिरीच्या सकाळपासून मीही तसंच चालत होते, काचेचं भांडं धरल्यासारखी. त्यावरूनच त्यांनी मला ओळखलं.

खरं सांगते, त्या क्षणी मला त्यांची दया आली नाही. आधी भीती वाटली. सव्वीस वर्षं! मी चोवीसची. मी मनातल्या मनात बेरीज केली, पन्नास. पन्नासाव्या वर्षी मीही अशी दार लावून कुणाला तरी सांगत असेन, सवय होते.

"मी पट्टी काढली, आत्याबाई," मी एकदम बोलून गेले. "पोटाची. नवव्या दिवशी. आईला फसवलं. म्हणून झालं हे."

"कोन म्हनते?"

"मलाच वाटतं."

"मले तं चाळीस दिस बांधली होती. अशी घट का दम नोता घेता येत. पेंढी उचलली तवाही बांधलेलीच होती. तरी आलं न?" त्या किंचित हसल्या. "उगाच पट्टीले दोष देऊन राह्यली."

मी रडत होते की हसत होते ते मलाही कळत नव्हतं. मुलगी जागी झाली. तिला पाजता पाजता मी म्हणाले, "वाशीमला दवाखान्यात मंगळवारी बाई डॉक्टर असतात. आपण दोघी जाऊ."

"तू जाय. मी पोरगी पकडतो."

"तुम्हीही दाखवा."

"माह्यं आता काय पाहाचं? जुनं झालं ते. कोनापुढं लुगडं वर करू ह्या वयात?" त्यांचा आवाज कडक झाला. "तुहं नवं हाय. तू दाखव. माह्यं नाव काढशीन तं येत नाई मी, सांगून ठेवतो."

मी नाव काढलं नाही.

मंगळवारी सकाळी हे सायकलची हवा पाहत होते. मी सांगितलं, मुलीला टोचून आणायचं आहे.

"एका टोचणीले दोन बाया?"

आत्याबाई आतून म्हणाल्या, "पोरगी काई एकीची नाई, दोघीइची हाय. तू जाय, पोरं शिकव."

एसटीला गर्दी होती. रस्ता असा की प्रत्येक खड्ड्याला आम्ही दोघी एकाच वेळी सीटचा दांडा धरायचो. एकदा आमची नजरानजर झाली आणि त्या पदरात तोंड घालून हसायला लागल्या. मला वाटलं, ही बाई माझी सासू आहे आणि मी हिला आजवर ओळखतच नव्हते.

दवाखान्यात बाकावर दोन तास. माझा नंबर आला तेव्हा मी मुलीला आत्याबाईंकडे देऊन आत गेले. डॉक्टरीणबाई माझ्याहून फार तर दहा वर्षांनी मोठ्या, चष्मा, खणखणीत आवाज. मी वाक्य पाठ करून गेले होते. ते बोलले. त्यांनी मान डोलावली आणि हिरव्या पडद्यामागच्या टेबलाकडे बोट केलं. "झोपा. साडी वर घ्या."

टेबल लोखंडी, उंच. बाजूला ट्रेमध्ये चमकणारं काहीतरी. टेबलाच्या दोन्ही बाजूंना पाय अडकवायचे आकडे. मी ते आकडे पाहिले आणि मला माझी काडीची माणसं आठवली, पाय वर केलेली. वहीत ती किती सोपी होती; त्यांना तोंड नव्हतं, लुगडं नव्हतं.

"मी... मी नंतर येते. बाळ भुकेलं आहे," म्हणाले, आणि चक्क बाहेर आले.

आत्याबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मुलीकडे पाहिलं. ती त्यांच्या मांडीवर मुठी चोखत मजेत पडली होती.

"काय झालं?"

"नाही जमत. पुढच्या मंगळवारी येऊ. हिला पाजते आता."

"आत्ताच तं पेली ते."

मी बाकावर बसले. इतकी वाचलेली, इतकी शिकलेली मी, दुसऱ्याला चला चला म्हणून घेऊन आलेली. आत्याबाई रागावल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. त्यांनी थोडा वेळ त्या पडद्याकडे पाहिलं. पलीकडे नर्स पुढचं नाव पुकारण्यासाठी कागद चाळत होती.

मग त्यांनी मुलगी माझ्या मांडीवर ठेवली.

"धर पोरगीले."

"कुठं चाललात?"

त्यांनी डोक्यावरचा पदर नीट केला, चपला दाराशी काढल्या, देवळात जाताना काढतात तशा, आणि आत गेल्या. पडदा हलला. बाकावरून मला सगळं ऐकू येत होतं.

"हां, काय होतंय?"

"अंग बाहीर येते."

"किती दिवस झाले?"

"सव्वीस वर्सं."

आत पेन टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. मग डॉक्टरीणबाईंचा खणखणीत आवाज एकदम मऊ झाला. "अहो आजी..."

"आजी मंग म्हना बाई. अंदी पाहून घ्या. माह्या हिमतीचा काई भरोसा नाई."

टेबल करकरलं. ट्रेमध्ये काहीतरी वाजलं. मी मुलीला इतकी घट्ट धरली की ती कुरकुरली. आणि मग पडद्यामागून, सगळ्या बाकांवरच्या बायकांना ऐकू जाईल असा आत्याबाईंचा आवाज आला:

"अंजने! काई नाई करत वं! लोखंड थंड हाय, बस!"

बाकावरच्या एका म्हातारीनं तोंडावर हात घेतला. दुसरी खुदकन हसली. मला कुठून बळ आलं माहीत नाही, मी मुलीला काखेत मारून उठले आणि आत गेले.

त्यांचं होईपर्यंत मी भिंतीकडे तोंड करून उभी राहिले. नंतर मी टेबलावर चढले आणि त्या भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या, मुलीला खांद्यावर टाकून. लोखंड खरंच थंड होतं. मी आत्याबाईंच्या पाठीकडे पाहत राहिले. लुगड्याचा काठ त्यांनी घाईत उलटा खोचला होता.

"तुमचं फारसं काही नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आधार देणारे स्नायू ढिले पडलेत. बाळंतपणानं पडतात. पट्टी बांधो न बांधो. काही व्यायाम करता का?"

मी नौकासनाचं आणि भिंतीचं सांगितलं. त्यांनी कपाळाला हात लावला. "वरून दाबताय आणि खालून दार उघडं! बंद करा ते. भिंतीला पाय लावता ते चालू ठेवा. आणि हे करा." त्यांनी सांगितलं. लघवी मधेच अडवून धरावी तसं आतून वर ओढायचं. दहा मोजेपर्यंत धरायचं. सोडायचं. दिवसातून शंभरदा. चालता-बोलता, कुणाला कळतही नाही.

मला ते ओळखीचं वाटलं. हा तर मूलबंध. वसतिगृहातल्या आमच्या बाई त्या ठिकाणी आल्या की गोऱ्यामोऱ्या होत, "हे तुम्हाला लग्नानंतर," म्हणत आणि पुढच्या आसनाकडे वळत. लग्नानंतर त्या कुठे आणि मी कुठे.

"तीन महिने नेमानं केलंत तर फरक पडेल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "जड उचलायचं नाही."

आत्याबाईंना त्यांनी रबराची कडी बसवली होती. ती आधार देईल, तीन महिन्यांनी धुऊन परत बसवायला यायचं. खरं तर अकोल्याला जाऊन ऑपरेशन करायला हवं. तोवर ओझं उचलायचं नाही.

"ओझं नाई उचलाचं तं घर कसं चालन बाई?"

डॉक्टरीणबाईंनी कागदावर लिहायचं थांबवून त्यांच्याकडे पाहिलं. मीच म्हणाले, "पाणी हे आणतील. सायकलीला दोन डबे लावून. मी सांगते त्यांना."

"काय सांगशीन?"

"सगळं सांगते."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. "माह्यंबी?"

"तुम्ही म्हणाल तर."

त्यांनी मुलीच्या टोपीची गाठ सोडून परत बांधली. "अकोल्याचं पाहू," एवढंच डॉक्टरीणबाईंना म्हणाल्या. "वेचनी होऊ द्या." मग दाराशी जाऊन वळल्या. "अन् ते दहा मोजाचं. ते मीबी करू का? का माह्यं काई उपेगाचं नाई?"

"करा. कराच," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

परतीची एसटी दुपारी तीनची मिळाली. बसायला जागा मिळाली. मुलगी माझ्या मांडीवर झोपली. गाडी वाशीमबाहेर पडली, दोन्हीकडे फुटलेल्या कापसाची वावरं. मी ह्यांना काय सांगायचं, कुठून सुरू करायचं, ह्याची मनात जुळवाजुळव करत होते. तेवढ्यात आत्याबाईंनी कोपरानं ढोसलं.

"चाल, करू."

"इथं?"

"बाई म्हने कोनाले समजत नाई म्हनून."

आम्ही दोघींनी ओढून धरलं. त्या बोटाच्या पेरांवर मोजत होत्या, ओठ न हलवता, डोळे समोरच्या सीटच्या पाठीवर. माझं तीनवरच सुटलं. परत धरलं. त्यांच्या कपाळावरची शीर फुगली होती.

"कुठं जायचं?" कंडक्टर येऊन उभा राहिला.

आम्ही गप्प. सहा. सात.

"अवं माय, कुठं उतरायचं? दोघी मुक्या हायत का?"

आत्याबाईंनी त्याच्याकडे न पाहता एक बोट वर केलं, थांब. तो खरंच थांबला. चिमटा तिकिटांवर टेकवून, आमच्या दोघींच्या ताठ चेहऱ्यांकडे पाळीपाळीनं पाहत.

आठ. नऊ.

"शेलूबाजार. दोन," आत्याबाईंनी दम सोडला. "अन् घाई कायची हाय रे बाप्पा तुले? बायाइले कामं असतात."

तो तिकिटं फाडून पुढे गेला. त्या माझ्याकडे वळल्या.

"तुहं किती झालं?"

"पाच."

"सुटलं तं सुटलं," त्या म्हणाल्या. "पुन्हा धर."